जुनी टूरिंग मोटारसायकल घेण्यापूर्वी काय तपासावे?



ऑक्टोबर संपत आला आणि हवा थोडी निवळली, की करामातल्या गल्ल्यांमध्ये सकाळच्या वेळी मोठ्या मोटारसायकलींचे आवाज ऐकू येऊ लागतात. हत्ता, खोरफक्कान, जबल जैस, अल ऐनचा जबल हफीत अशा सहली ठरतात. मग मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी कोणीतरी हमखास विचारतो, "एक जुनी गोल्ड विंग विकायला आहे, किंमत बरी वाटते, घ्यावी का?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की सगळी माहिती एकदा व्यवस्थित लिहून ठेवावी असे आम्हाला वाटले. ज्यांनी पुण्या-मुंबईत बुलेट, येझदी किंवा राजदूत चालवली आहे पण मोठी परदेशी गाडी कधी घेतलेली नाही, अशांसाठी ही माहिती मुख्यतः आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आधारलेले आहे. भारतात जुनी गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती चालली आहे?" इथे तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. इथला पहिला प्रश्न म्हणजे, "किती वर्षे उभी आहे?" आखातात मोटारसायकल साधारण ऑक्टोबर ते एप्रिल चालते. उरलेले महिने पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि गाडी इमारतीखाली कव्हर घालून पडून राहते. मालक सुट्टीवर गावी जातो, कधी नोकरी बदलते, कधी घरात बाळ येते आणि एका हंगामाचे तीन हंगाम कधी होतात ते कळतही नाही. अशी गाडी कागदावर फक्त ४०,००० किलोमीटर चाललेली दिसते. रंगही चकचकीत असतो. पण तिचे रबर, ब्रेक, कार्बोरेटर आणि टाकी आतून संपलेले असू शकतात. नियमित चाललेली १,००,००० किलोमीटरची गाडी तिच्यापेक्षा कितीतरी बरी असते.

१. कोणत्या गाड्या दिसतात?

टूरिंग गाडी म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. आरामशीर सीट, वारा अडवणारे फेअरिंग, सामानाच्या पेट्या आणि शक्यतो चेनऐवजी शाफ्ट. जुन्यांपैकी ही नावे माहीत असावीत.

होंडा गोल्ड विंग: पहिली जीएल १००० ही १९७५ साली आली. ९९९ सीसी, आडवे चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि शाफ्ट. तिला फेअरिंग नव्हते. १९८० मध्ये जीएल ११०० आली आणि तिच्या इंटरस्टेट प्रकारात फेअरिंग व पेट्या कारखान्यातूनच बसवून मिळू लागल्या. १९८४ मध्ये जीएल १२०० आणि १९८८ मध्ये सहा सिलिंडरची जीएल १५००, जिला मागे घेण्याची सोयही आहे.

बीएमडब्ल्यू: हवेवर थंड होणारी दोन सिलिंडरची बॉक्सर इंजिने. आर १०० आरटी ही १९७८ ची. चार सिलिंडर आडवे झोपवलेली के १०० ही मालिका १९८३ पासून.

होंडा एसटी ११००, म्हणजेच पॅन युरोपियन: १९९० पासून. व्ही आकाराची चार सिलिंडर आणि मोठी टाकी.

हार्ले इलेक्ट्रा ग्लाइड: हे नाव १९६५ पासून आहे. १९८४ च्या सुमारास आलेल्या इव्होल्यूशन इंजिनाच्या गाड्या आधीच्या शॉव्हेलहेडपेक्षा कमी त्रासाच्या मानल्या जातात.

"व्हिंटेज" हा शब्द जाहिरातीत कोणीही वापरतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा किमान ३० वर्षे जुन्या वाहनाला ऐतिहासिक मानते. भारताच्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुने. हा २० वर्षांचा फरक आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, तो शेवटच्या भागात पाहू.

२. गाडीआधी कागद

फोनवरच विक्रेत्याकडून मुल्कियाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. पुढील गोष्टी पाहा.

• मुल्कियावरचे नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे का? "मित्राची आहे, तो गावी गेला" असे उत्तर आले तर अधिकृत मुखत्यारपत्राशिवाय पुढे जाऊ नका.
• मुदत कधी संपली? दोन-तीन वर्षांपूर्वी संपली असेल, तर गाडी तेवढा काळ रस्त्यावर अधिकृतपणे आलेलीच नाही. "किती वर्षे उभी?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते.
• बँकेचे कर्ज नोंदलेले आहे का?
• दंड बाकी आहेत का? दंड फेडल्याशिवाय गाडी नावावर होत नाही.
• कोणत्या अमिरातीची नोंदणी आहे? शारजा किंवा अजमानची असेल तर दुबईत नोंदवण्याचा वेळ व खर्च धरा.

मग प्रत्यक्ष गाडीवर चेसिस नंबर जुळवा. तो बहुतेक गाड्यांवर हँडलच्या खालच्या नळीवर ठोकलेला असतो. इंजिनावर वेगळा नंबर असतो. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा, वेगळ्या आकाराचे आकडे किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग दिसला तर नम्रपणे निरोप घ्या. किंमत कितीही कमी असली तरी त्या गाडीचे पुढे काही होणार नाही.

इथल्या जुन्या गाड्यांपैकी कित्येक अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेल्या असतात. स्पीडोमीटर मैलात असेल तर गाडी बहुधा अमेरिकेची. अशा वेळी "३०,००० चालली" म्हणजे ३०,००० मैल, म्हणजेच सुमारे ४८,००० किलोमीटर, हे लक्षात ठेवा. अमेरिकेतला मूळ मालकीचा कागद असेल तर त्यावर "सॅल्व्हेज" हा शब्द आहे का ते पाहा. त्याचा अर्थ विमा कंपनीने ती गाडी अपघातात किंवा पुरात निकामी ठरवली होती.

३. बघायला कधी जावे?

सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी स्पष्ट सांगा, "आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका." थंड इंजिन कसे सुरू होते यावरून जितके कळते तितके गरम इंजिनावरून कळत नाही. पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. इथे उन्हाळ्यात दुपारी गेलात तर सगळेच धातू तापलेले असतात आणि ही परीक्षा फसते. म्हणून सकाळ, आणि गाडी सावलीत.

बरोबर नेण्याच्या वस्तू: छोटी टॉर्च, टायरची हवा मोजायचा गेज, साधा मल्टिमीटर, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक, पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि जमल्यास एक अनुभवी माणूस. अल कूझ किंवा रास अल खोरच्या गॅरेजमधला ओळखीचा उस्ताद तासाभरासाठी आला तर त्याला त्याचे पैसे आनंदाने द्या.

गाडी नेहमी जिथे उभी असते तिथेच बघायला मागा. खालच्या फरशीवरचे डाग खोटे बोलत नाहीत.

४. उभ्या गाडीची तपासणी

टायर: नक्षी किती उरली आहे हे नंतर पाहा, आधी जन्मतारीख वाचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे! पाच वर्षांपुढचे टायर इथल्या पासिंगमध्ये अडकतात. उन्हात उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाही कडक होतात, बाजूने बारीक तडे जातात. दोन्ही टायरांचा खर्च मनात धरा.

इतर रबर: पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी जोड, ब्रेकचे पाइप, पाण्याचे पाइप. बोटाने दाबून वाकवा. तडे दिसले किंवा लाकडासारखे कडक लागले तर बदलावे लागतील. जोडातून हवा आत जाऊ लागली की इंजिन अडखळते आणि गरम होते.

टाकी: झाकण उघडून टॉर्च मारा आणि वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास सगळ्यांना माहीत आहे. जुने पेट्रोल वॉर्निशसारखे आंबूस येते. समुद्रकाठच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते. गंज सुटला की तो थेट कार्बोरेटरमध्ये जातो. एक सूचना: गोल्ड विंगच्या वर टाकीसारखे दिसते ते नुसते आवरण असते, खरी टाकी सीटखाली आहे. तोंड तिथेच शोधा. इतर गाड्यांच्या टाकीवरून लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता आहे.

ब्रेक: हँडलवरच्या डबीतले ब्रेक ऑइल पाहा. ते फिकट पिवळसर असावे. चहासारखे काळपट झाले असेल तर वर्षानुवर्षे बदललेले नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. जबल जैसच्या उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक जीवावर बेतू शकतो. मग गाडी ढकलून ब्रेक दाबा, सोडा. सोडल्यावर चाक मोकळे फिरले नाही तर आतले पिस्टन गंजून अडकले आहेत.

पुढचे फोर्क: चकचकीत नळीवर बारीक गंजाचे खड्डे आहेत का? खड्डा सीलला कापतो आणि ऑइल बाहेर येते. पुढचा ब्रेक दाबून गाडी दोन-चारदा खाली दाबा. नळीवर ऑइलचे वर्तुळ उमटले तर सील गेले. नळीसुद्धा खराब असेल तर खर्च बराच वाढतो.

बेअरिंग: मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडकले तर हँडलचे बेअरिंग बदलायला झाले आहे. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवा. खुळखुळले तर चाकाचे किंवा स्विंगआर्मचे बेअरिंग.

फ्रेम आणि पडल्याच्या खुणा: फूटरेस्ट, लिव्हरची टोके, पेट्यांचे कोपरे, सायलेन्सर पाहा. बीएमडब्ल्यू बॉक्सरचे सिलिंडर बाजूला बाहेर आलेले असतात, म्हणून त्यांच्या झाकणावरचे ओरखडे आधी पाहा. उभ्या उभ्या पडणे हा मोठा दोष नाही. पण हँडलच्या खालच्या नळीजवळ रंगाला सुरकुती किंवा नवे वेल्डिंग दिसले तर ती गाडी सोडून द्या. फेअरिंगचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. ते धरणारे कान तुटलेले आहेत का ते हात घालून पाहा. रंग नवा करता येतो, पण जुन्या मॉडेलचे फेअरिंग मिळता मिळत नाही.

५. इंजिन आणि वीज

आधी ऑइल पाहा. दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटरचे पाणीही पाहा (इंजिन थंड असतानाच झाकण उघडा!). त्यात गंज किंवा तेलाचा तवंग नको. एअर फिल्टर काढून दाखवायला सांगा. फिल्टर फाटका किंवा नीट न बसवलेला असेल तर इथली बारीक वाळू इंजिनात गेली आहे आणि तिने सिलिंडर घासले आहेत.

आता चोक ओढून सुरू करा. मागे उभे राहून धूर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, हा दोष बहुधा कार्बोरेटरचा आणि तुलनेने स्वस्त. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी आत जाते आहे. याला एक अपवाद आहे. बीएमडब्ल्यू के १०० साइड स्टँडवर उभी असली की सुरू होताना क्षणभर निळा धूर सोडते. लगेच थांबला तर घाबरण्याचे कारण नाही.

इंजिन चालू असताना खाली पुठ्ठा सरकवून ठेवा. दहा मिनिटांनी काय आणि कुठून गळते ते त्यावर दिसेल.

मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि थोडा रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. रेस देऊनही आकडा वाढला नाही तर चार्जिंग बंद आहे. "फक्त बॅटरी बदलायची आहे" हे वाक्य विकणाऱ्यांचे फार आवडते आहे. नवी बॅटरी स्वस्त असते. चार्जिंगचा दोष कधीकधी अतिशय महाग असतो, कसा ते पुढच्या भागात पाहा.

शक्य असेल तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचे. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल तर कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

६. मॉडेलनुसार नाजूक जागा

चार सिलिंडरची जुनी गोल्ड विंग (१०००, ११००, १२००): दोन गोष्टी. पहिली, टायमिंग बेल्ट. ते रबरी आहेत आणि तुटले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणजे इंजिनच जाते. बेल्ट कधी बदलले याची पावती नसेल तर बदललेले नाहीत असेच समजा आणि लांब जाण्याआधी ते बदला. बेल्टही चालण्याने कमी आणि वयाने जास्त खराब होतात. दुसरी, चार्जिंगची स्टेटर कॉइल. ती इंजिनाच्या मागच्या बाजूला आत असल्याने बदलण्यासाठी इंजिन फ्रेममधून बाहेर काढावे लागते. म्हणून वर सांगितलेली व्होल्टची परीक्षा या गाड्यांवर चुकवू नका. जीएल १५०० मध्ये अल्टरनेटर बाहेरून काढता येतो, पण बेल्टचा नियम तिलाही लागू आहे. शिवाय तिचे वजन ३६० किलोच्या आसपास आहे. मेन स्टँडवर घेऊन आणि उतरवून पाहा. अरुंद पार्किंगमध्ये ती रोज तुम्हालाच हलवायची आहे.

बीएमडब्ल्यू बॉक्सर आणि के मालिका: गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या दातांना, म्हणजे स्प्लाइनना, ठराविक काळाने ग्रीस लागते आणि त्यासाठी गिअरबॉक्स सोडवावा लागतो. म्हणून पुष्कळ मालक ते टाळतात. "ग्रीस शेवटचे कधी केले?" हा प्रश्न विचारा. विक्रेत्याला प्रश्नच समजला नाही तर उत्तर मिळाले असे समजा.

होंडा एसटी ११००: इंजिन टणक आहे, पण हिलाही टायमिंग बेल्ट आहे. फेअरिंगचे तुकडे पुष्कळ आणि महाग आहेत, म्हणून ते नीट तपासा.

सगळ्याच शाफ्टच्या गाड्या: मागच्या गिअर पेटीचे ऑइल बदलताना त्यात धातूचे तुकडे आले तर खर्च मोठा. बोटाला लागणारी बारीक राखाडी पूड चालते.

७. चालवून पाहणे

इथे कारचे लायसन्स मोटारसायकलला चालत नाही. मोटारसायकलचे लायसन्स वेगळे आहे. ते हाती नसेल तर चालवून पाहण्याचे काम लायसन्स असलेल्या मित्राला द्या. मुल्किया किंवा विमा संपलेला असेल तर गाडी "फक्त एक चक्कर" म्हणूनही रस्त्यावर काढू नका. रिकव्हरीवर चढवून थेट तपासणी केंद्रावर किंवा गॅरेजवर न्या.

चालवताना पाहायच्या गोष्टी: प्रत्येक गिअर पडतो का आणि रेस दिल्यावर टिकतो का, वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर क्लच घसरतो का (इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग नाही), सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक लावल्यावर हँडल थरथरते का. किमान २० मिनिटे चालवा. पाच मिनिटांत इंजिन पूर्ण तापतही नाही. परत आल्यावर गाडी चालू ठेवून उभी करा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का ते पाहा. शेख झायेद रस्त्यावरच्या वाहतुकीत पंखा नसलेली गाडी फार वेळ टिकणार नाही. शेवटी बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करा.

मागच्या सीटवर घरचे माणूस बसणार असेल तर त्यालाही बसवून पाहा. सहलीला दोघांनी जायचे आणि परीक्षा एकाने घ्यायची, हे बरोबर नाही.

८. हिशेब

विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही पूर्ण किंमत नसते. आम्ही सगळ्यांना एकच साधा नियम सांगतो: हातात असलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांशच गाडीवर घाला. समजा १५,००० दिरहम बाजूला काढले आहेत, तर गाडी १०,००० पर्यंतची बघा. उरलेल्या ५,००० मध्ये टायर, बॅटरी, सगळी ऑइले, ब्रेकची दुरुस्ती, बेल्ट, रबरी पाइप, विमा आणि नोंदणी बसवायची आहे. मुलांच्या शाळेची फी, घरभाड्याचे चेक, गावी जाण्याची तिकिटे यांच्या पैशांना हात लावून छंदाची गाडी घेऊ नये. घरच्यांना गाडीची किंमत सांगताना हे ५,००० धरूनच सांगा. त्यातच घराची शांती आहे!

सुट्या भागांची चौकशी गाडी घेण्याआधी करा. पाच वस्तूंची यादी घ्या: टायमिंग बेल्ट किंवा क्लच प्लेट, ब्रेकचे सील, फोर्कचे सील, कार्बोरेटरचा दुरुस्ती संच, स्टेटर. या पाचांची किंमत आणि येण्यास लागणारे दिवस कळले की ती गाडी सांभाळता येईल की नाही ते कळते.

मे-जूनमध्ये, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, विकणारे घाईत असतात. घेणाऱ्याने तेव्हा बघावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनाच गाडी हवी असते.

९. पासिंग, विमा, नाव

क्रम असा ठेवा. आधी पासिंग, मग विमा, मग नावावर करणे आणि पूर्ण पैसे त्याच वेळी. विक्रेत्याला पासिंगपूर्वी पूर्ण रक्कम देऊ नका. फार तर थोडी बयाणा रक्कम द्या, आणि "पासिंग झाले नाही तर परत" असे लिहून घ्या. पासिंग करून देणे त्याच्याकडे ठेवले तर ते सगळ्यात उत्तम.

जुन्या गाडीला सर्वसमावेशक विमा मिळणे कठीण असते, बहुधा थर्ड पार्टीच मिळतो. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा स्वतःच्या चुकीने पडली तर नुकसान तुमचे. आधी विमावाल्याला गाडीचे साल सांगून विचारून घ्या. नावावर करताना दोघांचे एमिरेट्स आयडी, चालू विमा, पासिंगचा कागद आणि जुनी मुल्किया लागते. ३० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी क्लासिक नोंदणीची सोय आहे. तिच्या अटी आरटीएच्या कार्यालयात विचारून मगच निर्णय घ्या.

पासिंग झाले म्हणजे गाडी चांगली आहे असे मात्र नव्हे. त्या दिवशी दिवे, ब्रेक, टायर ठीक होते, एवढाच त्याचा अर्थ. टायमिंग बेल्ट कोणी उघडून पाहत नाही.

१०. आणि परत जाताना?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आपल्या लोकांकडून नेमका हाच राहून जातो. इथली नोकरी कायमची नाही. कधीतरी व्हिसा रद्द होणार आणि आपण ठाणे, नाशिक, कोल्हापूर, जिथले असू तिथे परतणार. "तेव्हा गाडी बरोबर नेऊ" असे मनात धरून गाडी घेणारे पुष्कळ असतात.

भारताच्या आयात नियमानुसार वापरलेले वाहन उत्पादनापासून तीन वर्षांहून जुने चालत नाही. व्हिंटेज वाहनांना वेगळी सवलत आहे. पूर्वी ती १९५० सालापूर्वीच्या वाहनांना होती, २०२५ पासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांना आहे. म्हणजे आपल्या आवडीच्या गाड्या नेमक्या मधल्या दरीत पडतात. १९८५ ची गोल्ड विंग तीन वर्षांच्या नियमात बसत नाही, आणि ५० वर्षांची व्हायला तिला २०३५ उजाडावे लागेल. १९७५ ची पहिली जीएल १००० बसू शकते. पण सीमाशुल्क भरावे लागतेच आणि ते गाडीच्या किमतीपेक्षाही जड पडू शकते.

भारतात पोचल्यावरची नोंदणी वेगळी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला "व्हीए" अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा ठराविक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. तिकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे आणि ते जुन्या रबरी पाइपांना व सीलना मानवत नाही, हेही लक्षात ठेवा. "कार्नेट काढून नेऊ" हा सल्लाही ऐकू येतो. कार्नेट म्हणजे तात्पुरता प्रवेश. मुदतीत गाडी भारताबाहेर काढावी लागते, ती तिथे ठेवता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे: गाडी इथेच घ्यायची, इथेच चालवायची आणि इथेच विकायची, हे पहिल्या दिवशी मान्य करा. ते मान्य केले की निवडही शहाणपणाची होते. दुर्मिळ मॉडेलपेक्षा ज्याचे सुटे भाग आणि गिऱ्हाईक इथे मिळते ते मॉडेल घ्यावेसे वाटते. प्रत्येक दुरुस्तीची पावती फाइलमध्ये ठेवा. विकताना त्या फाइलला रंगापेक्षा जास्त किंमत येते. आणि विक्री व्हिसा रद्द होण्याआधी करा, नंतर मागे राहणाऱ्या मित्राच्या गळ्यात मुखत्यारपत्राचा व्याप पडतो. गाडी भारतात न्यायचीच असेल, तर परकीय व्यापार महासंचालनालय आणि सीमाशुल्क खाते यांच्याकडून लेखी खात्री करून मगच इथे पैसे मोजा.

छापून बरोबर नेण्याची यादी

• मुल्किया विक्रेत्याच्याच नावे, मुदत कधीची?
• कर्ज, दंड बाकी नाहीत
• चेसिस आणि इंजिन नंबर स्वच्छ
• इंजिन थंड असताना सुरू केले
• टायरची तारीख पाच वर्षांच्या आत
• टाकीत गंज नाही, पेट्रोल ताजे
• ब्रेक ऑइल फिकट, चाके मोकळी
• फोर्कच्या नळ्या स्वच्छ
• हँडलला मध्ये खाच नाही
• धूर नाही, पुठ्ठ्यावर डाग नाही
• चार्जिंग १३.५ ते १४.५ व्होल्ट
• बेल्ट किंवा स्प्लाइनची पावती
• २० मिनिटे चालवली, पंखा लागला
• पाच सुट्या भागांची किंमत माहीत

यादीत एक-दोन दोष निघाले तर भाव करा, चार-पाच निघाले तर दुसरी गाडी बघा. चेसिस नंबर, फ्रेम आणि मालकी या तिन्हींपैकी एकही संशयास्पद असेल तर मात्र भाव करू नका, आभार मानून निघा. दुबईत दर हंगामाला जुन्या गाड्या विकायला येतातच. घाई करणाऱ्याला गाडी मिळते, थांबणाऱ्याला चांगली गाडी मिळते.

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि भरपूर पाणी घेऊनच निघा. हत्ताच्या वाटेवर भेटू!